शत्रूच्या धर्मातले भांडण

प्रश्न : मी गेली काही वर्षे एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. पठारावर राहणारे, अग्नीची उपासना करणारे ज्योतिर्धर आणि खोऱ्यात राहणारे, नदीला देवता मानणारे जलव्रती यांच्यातील दीर्घ युद्ध हा तिचा विषय आहे. नायिका ज्योतिर्धरांच्या सैन्यातील एका तुकडीची प्रमुख आहे. जलव्रतींचा महापुरोहित हा खलनायक असून तो नदीला बालकांचे बळी देतो. पहिला खर्डा तीन मित्रांना वाचायला दिला. एकाला जलव्रतींचे वर्णन एका खऱ्या समाजाविषयी पसरवल्या जाणाऱ्या गोष्टींसारखे वाटले. दुसरीच्या मते दोन्ही धर्म नावापुरतेच वेगळे आहेत. तिसऱ्याने दोन्ही बाजू सारख्याच क्रूर दाखवण्याचा सल्ला दिला, म्हणजे कोणी आक्षेप घेणार नाही. धर्म काढून टाकून हे दोन राज्यांचे साधे युद्ध करावे का? देव खरे आहेत की नाहीत, हे ठरवून टाकावे का? शेवटही सुचत नाही.

उत्तर : पत्रासोबत पाठवलेली प्रकरणे मी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. धर्म काढून टाकण्याचा विचार आधी सोडून द्या. दोन राज्ये एका नदीसाठी लढतात, एवढाच विषय उरला तर तुमच्या नायिकेकडे केवळ युद्धकौशल्य उरेल. ज्या ज्योतीपुढे ती रोज हात जोडते, त्याच ज्योतीवर बाण पेटवून तिला समोरची वस्ती जाळावी लागते, आणि तिची सारी ओढाताण तिथूनच आलेली आहे. तुमच्या लेखनातील ही सर्वांत जिवंत जागा आहे. मित्रांचे तीन आक्षेप मला वेगवेगळे वाटत नाहीत. त्यांचे मूळ एकच आहे. तुम्ही एक धर्म आतून लिहिला आहे आणि दुसरा बाहेरून.

दुसऱ्या प्रकरणातील ज्योतिर्धरांचा सांजदिवा पाहा. वात कोणी वळायची, तेल संपले तर कोणाच्या दारी मागायचे, घरात मृत्यू झाला असेल तर दिवा कोणी लावायचा, लहान मुलांना ज्योतीवर फुंकर घालण्याची मनाई कशी असते आणि नायिकेने लहानपणी ती मोडून कशी लपवली, हे तुम्ही इतक्या मायेने लिहिले आहे की वाचणाऱ्याला तो धर्म आपल्या घरातला वाटू लागतो. पुढच्याच प्रकरणात ती लव्हाळ्यात लपून जलव्रतींचा संध्याविधी पाहते, आणि तिथे एवढेच वाक्य आहे : 'ते काहीतरी पुटपुटत पाण्यात उतरले.' नायिकेला त्यांची भाषा येत नाही, तेव्हा तिच्या कानी पुटपुटणेच पडणार, हे मान्य. पण लेखकाला ते शब्द ठाऊक असायला हवेत. पाण्यात आधी कोण उतरते? कडाक्याच्या थंडीत म्हाताऱ्यांना सूट असते का? ज्याला पाण्याची भीती वाटते, त्याने काय करायचे? पुरात ज्याचे मूल वाहून गेले, तो बाप दुसऱ्या दिवशी त्याच नदीसमोर उभा राहून काय म्हणतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलात तर एक स्वतंत्र प्रकरण हाती येईल, आणि ते तुमच्या कादंबरीतील उत्तम प्रकरणांपैकी एक होईल, असे मला मनापासून वाटते.

तरीही नुसता विधींचा तपशील वाढवून धर्म उभा राहत नाही. कोणत्याही धर्माचे खरे रूप त्याच्या अनुयायांच्या आपसांतील भांडणात दिसते, आणि तुमच्या जलव्रतींमध्ये एकही भांडण नाही. ते सगळे महापुरोहिताच्या मागे एका मनाने, एका आवाजात चालतात. असा समाज कधी कुठे झालेला नाही.

बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचे, उदाहरण घ्या. यान हुस या धर्मसुधारकाला १४१५ मध्ये जिवंत जाळल्यानंतर काही वर्षांतच तिथे जे युद्ध पेटले, ते १४१९ पासून १४३४ पर्यंत चालले. हुसच्या अनुयायांच्या मुख्य मागण्यांपैकी एक अशी होती की चर्चमधील पवित्र विधीत भाकरीबरोबर द्राक्षमद्याचा चषकही सामान्य माणसाला मिळावा, कारण तोवर तो केवळ धर्मगुरूंनाच मिळत असे. हा चषकच त्यांचे चिन्ह झाला. पण या चषकवाद्यांमध्येच नेमस्त आणि जहाल असे गट पडले, आणि १४३४ मध्ये लिपानीच्या लढाईत नेमस्तांनी चक्क कॅथलिकांशी हातमिळवणी करून जहाल ताबोरवाद्यांचा पाडाव केला. दोन वर्षांनी झालेल्या समझोत्यात चषकाची मागणी मान्य झाली. बाहेरून ज्याला आपण 'दोन धर्मांचे युद्ध' म्हणतो, त्यातील शेवटची निर्णायक लढाई एकाच चषकाखाली उभे राहिलेल्यांमध्ये झाली, हे कादंबरीकाराने विसरू नये.

रशियातील प्रसंग याहून सूक्ष्म आहे. १६५३ पासून रशियन चर्चचे प्रमुख निकॉन यांनी विधींमध्ये सुधारणा सुरू केल्या, आणि त्यांतली एक अशी होती की क्रॉसची खूण दोन बोटांनी न करता तीन बोटांनी करावी. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखे काय आहे, हे कळणार नाही. आतल्या माणसासाठी मात्र प्रश्न असा होता की दोन बोटे चुकीची असतील, तर आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यभर केलेल्या प्रार्थनांचे काय झाले? पांढऱ्या समुद्रातील सोलोव्हेत्स्की मठातील साधूंनी नवे ग्रंथ नाकारले, आणि झारच्या सैन्याने घातलेला वेढा १६६८ पासून १६७६ पर्यंत चालला. तुमच्या कल्पित जगाला असे एक भांडण लागते, जे परक्याला क्षुल्लक आणि आपल्याला प्राणाइतके मोलाचे वाटेल.

त्यासाठी लागणारे साहित्य तुमच्या खर्ड्यात आधीच पडून आहे. चौथ्या प्रकरणात एका बंधाऱ्याचा उल्लेख येतो, ज्याचे दरवाजे उघडून जलव्रती पठाराच्या पायथ्याची शेते बुडवणार आहेत. तुम्ही तो केवळ युद्धातील डाव म्हणून वापरला आहे. पण नदी ही देवता असेल, तर तिला अडवणे हे पाप ठरत नाही का? जलव्रतींमध्ये एक जुना पंथ असा असू द्या, जो म्हणतो की देवतेला बांधून तिला शस्त्र करणारा माणूस जिंकला तरी जलव्रती उरत नाही. दुसरा पंथ म्हणेल की नदीने स्वतःहून वळण घेतले, तशीच ती आज आपल्या हातून वळण घेत आहे. बंधाऱ्यावर काम करणारे मजूर रात्री एक आणि दिवसा दुसरे बोलतील. महापुरोहिताची खरी परीक्षा या वादात आहे. तो कोणत्या वचनाचा आधार घेतो, कोणते सोयीस्करपणे गाळतो, आणि त्याचा गुरू जिवंत असता तर काय म्हणाला असता, हे लिहिले की त्याला क्रूर हसवण्याची गरज उरणार नाही. आणि ज्योतिर्धरांच्या बाजूला पेटत्या बाणांचा प्रश्न अगदी समोर उभा आहे. मंदिरातील ज्योतीवर शस्त्र पेटवावे का, यावर तुमच्या नायिकेच्या तुकडीतच फूट पडायला हवी. मग दोन धर्म नावापुरते वेगळे आहेत, असे कोणी म्हणणार नाही, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी रात्र रात्र जागत असतील.

आता बालकांच्या बळीविषयी. तुमच्या पहिल्या मित्राला जे जाणवले ते खरे आहे, आणि त्याकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. परधर्मीय लोक मुले चोरतात, त्यांचे रक्त विधीसाठी वापरतात, ही जगातील अतिशय जुनी आणि अतिशय घातक अफवा आहे. रोमन साम्राज्यात हा आरोप आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवर होत असे. मिनुकियस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाने त्याची नोंद करून त्याचे खंडन केले आहे. पुढे सत्ता ख्रिस्ती समाजाच्या हाती आली, आणि १२व्या शतकाच्या मध्यापासून युरोपात तोच आरोप ज्यूंवर होऊ लागला. १३४८-४९ च्या प्लेगच्या काळात ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा गावोगाव पसरली, आणि फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्ग शहरात, जिथे प्लेग अजून पोहोचलाही नव्हता, शेकडो ज्यूंना जाळून मारण्यात आले. तुमची कादंबरी ही अफवा सत्य म्हणून सांगते. काल्पनिक जगात सारे चालते, हा बचाव इथे पुरेसा नाही, कारण वाचक त्या आरोपाचा आकार ओळखतो, मग नावे कोणतीही असोत.

म्हणून बळी काढून टाका, पण अफवा ठेवा. ज्योतिर्धरांच्या प्रत्येक मुलाला लहानपणी सांगितले जाते की खोऱ्यातले लोक बालके नदीला देतात. नायिकेने ते आपल्या आईकडून ऐकले आहे आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. मग एखाद्या उद्ध्वस्त वस्तीत तिला कळू द्या की जलव्रती आपल्या मृत बालकांना नदीच्या स्वाधीन करतात, आणि पठारावरून कोणीतरी कधीतरी दुरून ते पाहिले होते. तिने ज्या गोष्टीच्या रागात तलवार उचलली, ती गोष्ट एका शोकविधीची होती. महापुरोहित खलनायक राहिला तरी चालेल, फक्त त्याचे अपराध त्याच्या सत्तेतून यावेत. त्याचा धर्म परका आहे म्हणून तो अपराधी आहे, असे होऊ नये.

तिसऱ्या मित्राचा सल्ला मात्र मी मुळीच मानणार नाही. एका बाजूने गाव जाळले म्हणून दुसऱ्या बाजूनेही जाळावे, असा हिशेब जुळवत बसलात तर पुस्तक भेकड होईल. न्याय करायचा तो वाट्याला आलेल्या आतल्या आयुष्याबाबत करावा. अत्याचारांची संख्या समान करण्याने तो होत नाही. एका बाजूने अधिक अन्याय केला असेल तर तसे स्पष्ट लिहा. मात्र अन्याय करणारा माणूस स्वतःला काय सांगून झोपी जातो, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. सिमॉन द मॉन्फोर हा फ्रेंच सरदार चौथ्या धर्मयुद्धात, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातून निघालेल्या ख्रिस्ती मोहिमांपैकी चौथीत, निघाला होता. त्या सैन्याने व्हेनिसकडून जहाजे घेण्यासाठी ८५,००० मार्क देण्याचा करार केला होता, पण अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश लोक जमले आणि पैसे कमी पडले. तेव्हा व्हेनिसच्या सांगण्यावरून १२०२ मध्ये त्यांनी झारा या कॅथलिकांच्याच शहरावर हल्ला केला. सिमॉनने त्यात भाग घेण्यास नकार दिला आणि तो सैन्य सोडून गेला. उरलेल्यांनी १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटले. हाच सिमॉन १२०९ पासून दक्षिण फ्रान्समध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या युद्धाचा सेनानी झाला आणि त्याने ब्राम येथील बंदिवानांचे डोळे काढवले. दोन्ही वेळा तो आपल्या श्रद्धेशी प्रामाणिकच होता. तुमचा महापुरोहित असा असू शकतो, आणि नायिकेचा सेनापतीही.

या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. धर्मयुद्धात कर्ज, जहाजे, धान्य आणि नदीचा उतार यांचा वाटा मोठा असतो, आणि तुमच्या चार प्रकरणांत सैन्य काय खाते, त्याचे पैसे कोण देते, याचा पत्ता नाही. तो द्या. मित्र आणि शत्रू धर्माच्या रेषेवर नीट विभागले जात नाहीत, हेही दिसू द्या. फ्रान्सचे कार्डिनल रिशेल्यू हे कॅथलिक धर्माधिकारी असूनही जानेवारी १६३१ च्या करारानंतर फ्रान्स स्वीडनच्या लूथरपंथी राजाला कॅथलिक सम्राटाशी लढण्यासाठी वर्षाला ४,००,००० थेलर (चांदीची नाणी) देत होता. १५४३-४४ च्या हिवाळ्यात ऑटोमन आरमार फ्रान्सच्या राजाचे मित्र म्हणून तुलाँ बंदरात मुक्कामाला होते, त्यासाठी बहुतेक रहिवाशांना शहर सोडावे लागले आणि तिथल्या मुख्य चर्चचा वापर मशीद म्हणून झाला. मात्र यावरून 'धर्म हे फक्त निमित्त असते' असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. सिमॉन झाराहून निघून गेला, तो काही पैशासाठी नाही.

सीमेवरची माणसे तुमच्या खर्ड्यात जवळजवळ नाहीतच, आणि मला त्यांची उणीव फार जाणवली. १२व्या शतकातील सीरियन सरदार उसामा इब्न मुन्किध याने आपल्या आठवणींत जेरुसलेममधील एक प्रसंग लिहिला आहे. शहर तेव्हा फ्रँक, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती, लोकांच्या ताब्यात होते, तरी टेम्पलर या लढवय्या पंथातील उसामाचे मित्र त्याला नमाजासाठी एक लहान मशीद मोकळी करून देत. एकदा तो नमाज पढत असताना एका फ्रँकने धावत येऊन त्याला धरले, त्याचे तोंड पूर्वेकडे वळवले आणि 'अशी प्रार्थना कर' असे बजावले. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले, त्यांची नजर चुकवून तो पुन्हा आला, आणि त्यांनी त्याला पुन्हा बाहेर काढून उसामाची क्षमा मागितली : हा नुकताच आपल्या मुलखातून आला आहे, पूर्वेखेरीज दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा माणूस त्याने आजवर पाहिलेला नाही. नवा आलेला अधिक कडवा असतो आणि शेजारी राहून मुरलेला कमी, हे निरीक्षण उसामाचेच आहे. ११८४ मध्ये त्याच प्रदेशातून गेलेल्या इब्न जुबैर या प्रवाशाला तर याचेच नवल वाटले होते, की सैन्ये एकमेकांशी लढत असताना व्यापाऱ्यांचे तांडे दमास्कस आणि अक्का यांच्या दरम्यान बिनघोर ये-जा करतात. तुमच्या नदीवर एक नावाडी असेलच. दोन्ही तीरांवर ज्याची उधारी आहे, दोन्ही भाषांत ज्याला शिव्या देता येतात आणि दोन्ही देवांच्या शपथा ज्याच्या ओठांवर आहेत, असा माणूस नायिकेच्या सोबत द्या.

देव खरे की खोटे, हा प्रश्न अद्भुतरम्य लेखनात टाळता येत नाही, कारण तुमच्या जगात ज्योत खरोखर बोलते आणि नदी खरोखर माणसाला ओढून नेते. तुम्हाला वाटते की चमत्कार खरे ठरवले तर वाद संपेल. तो संपत नाही. पहिल्या धर्मयुद्धात जून १०९८ मध्ये अँटिओक शहरात अडकलेल्या उपाशी सैन्याला पीटर बार्थोलोम्यू नावाच्या माणसाने चर्चच्या जमिनीतून एक भाल्याचे पाते काढून दाखवले आणि ते ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेल्या भाल्याचे असल्याचे सांगितले. त्या महिनाअखेरीस सैन्याने बाहेर पडून मोठा विजय मिळवला. तरीही पोपचा प्रतिनिधी साशंक होता, संशय वाढत गेला, आणि एप्रिल १०९९ मध्ये पीटरने पेटत्या लाकडांमधून चालत जाण्याचे दिव्य केले. काही दिवसांनी तो मेला. विरोधक म्हणाले, भाजून मेला. अनुयायी म्हणाले, आगीतून सुखरूप बाहेर आला होता, पण गर्दीने उत्साहाच्या भरात तुडवल्याने मेला. सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेचेही दोन अर्थ झाले. म्हणून देवांचे अस्तित्व तुमच्यापुरते खुशाल ठरवा, पण देवांची इच्छा कोणालाही स्पष्ट कळू देऊ नका. ज्योत बोलत असेल, तर ती काय बोलली यावर तिथे हजर असलेल्या तिघांचे एकमत नसावे. आणि एक गोष्ट नक्की टाळा : शेवटच्या लढाईत एक देव दुसऱ्याला हरवतो, असे दाखवू नका. त्या क्षणी माणसांनी केलेले सारे निर्णय निरर्थक होतात.

शेवटासाठी विजयाऐवजी करार निवडावा, असे मी सुचवेन. मात्र तो मिठ्या मारणारा करार नको. १२२९ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता करार केला. जेरुसलेम दहा वर्षांसाठी ख्रिस्ती लोकांकडे आले आणि तिथला हरम अल-शरीफचा, म्हणजे अल-अक्सा मशिदीचा, परिसर मुसलमानांकडे राहिला. त्यावर दोन्ही बाजू संतापल्या. सम्राटाला आधीच बहिष्कृत केलेले असल्याने जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने या कराराचा धिक्कार केला, आणि तिकडे दमास्कसच्या मशिदीत शहर गमावल्याचा शोक करणारे प्रवचन झाले. शांतता करणाऱ्याला आपल्याच माणसांचे शाप घ्यावे लागतात, हे तुमच्या नायिकेच्या वाट्याला येऊ द्या.

तहाची कलमेही लिहा, आणि ती रुक्ष असू द्या. १६४८ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमधील तीस वर्षांचे युद्ध संपवताना वाटाघाटी म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक अशा दोन गावांत चालल्या. कोणते चर्च कोणाचे, हे ठरवण्यासाठी १६२४ हे वर्ष प्रमाण धरले गेले : त्या वर्षी जे ज्याच्याकडे होते, ते त्याचे. ओस्नाब्रुकच्या गादीवर तर एकदा कॅथलिक आणि एकदा प्रोटेस्टंट बिशप बसावा, अशी पाळी ठरली. खरा देव कोणाचा, हे त्या कागदांनी ठरवले नाही. तुमच्या तहातही बंधाऱ्याचे दरवाजे कोणत्या महिन्यात कोणी उघडायचे, तीरावरच्या दीपस्तंभाला तेल कोणी पुरवायचे आणि शोकविधीच्या दिवशी पठारावरच्या पहारेकऱ्यांनी किती मागे हटायचे, हे ठरू द्या. प्रत्येक कलमामागे कोण मेले आहे, हे तोवर वाचकाला माहीत असेल.

पुनर्लेखनाला पहिल्या प्रकरणापासून बसू नका. आधी लव्हाळ्यातला तो प्रसंग पाण्यात उतरणाऱ्या एखाद्या जलव्रती मुलीच्या नजरेतून संपूर्ण लिहा, तिच्या प्रार्थनेचे शब्द, तिच्या घरातला बंधाऱ्यावरून चाललेला वाद आणि पठारावरच्या लोकांविषयी तिला सांगितलेली भीतीची गोष्ट यांसह. हे प्रकरण कादंबरीत राहिले नाही तरी हरकत नाही. ते लिहून झाले की नायिकेच्या बाजूचा प्रसंग पुन्हा हाती घ्या. 'पुटपुटत' हा शब्द तिथे ठेवायचा की नाही, ते तेव्हा तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.